थांबलं की सांगा

माझ्या एका पायातली चप्पल वाटेत गळाली आणि मी तशीच घरी आले, हे मला शेजारणीनं सांगितलं. "अगं, एक पाय उघडाच की तुझा!" म्हणून ती हसली. मीही हसले. परत जाऊन पाहिलं तर पेठेच्या तोंडाला, बैलगाड्यांच्या चाकोरीत चप्पल पडलेली होती. तिथपासून दारापर्यंत खडी, शेण, तापलेली धूळ असं सगळं तुडवत मी आले होते आणि पायानं मला काही म्हणजे काही कळवलं नव्हतं.

चप्पल पायात घालताना माझं हसू पार आटलं. आमच्या घरात हे आधी एकदा होऊन गेलं होतं. तेव्हाही सुरुवातीला सगळे असेच हसले होते.

हे मी आज लिहिते आहे, कारण मी चालते आहे. मध्यंतरी चिकोडीहून एक बाई घर शोधत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या पायास्नी काय झालतं, आन् कशानं बरं झालं, तेवढं सांगा." त्यांच्या सुनेला तसंच होत होतं. त्यांना सांगता सांगता मी मध्येच उठून आत गेले आणि निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आता लिहून काढते. मी शिकलेली मराठी सातवी. डॉक्टरी मला कळत नाही, ती इथं शोधू नका. भीती मात्र मला चांगली कळते.

*

आम्ही निपाणीचे. घरात तंबाखूचा व्यापार, थोडी शेती, धर्मानं जैन. माणसं तीन: मी, आमचे हे आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. पूर्वी चौथंही माणूस होतं, माझी थोरली जाऊ. तिचे यजमान लवकर वारले, मूलबाळ नव्हतं. मी तिला आक्का म्हणायची. घरातलं सगळं मी तिच्या हाताखाली शिकले, आत्तींचा राग कसा ओळखायचा हेसुद्धा.

मी नवी नवरी असताना आत्ती मोठ्या दुखण्यात पडल्या. तापानं शुद्ध गेली, घशाखाली पाणी उतरेना. चातुर्मासाचे दिवस होते, मुनिमहाराज गावात होते. आक्का मला हाताला धरून त्यांच्यापुढं घेऊन गेली आणि म्हणाली, आत्ती उठल्या तर आम्ही दोघी दूध, दही, ताक, लोणी, तूप जन्मभर घेणार नाही. आमच्यात असा त्याग करतात. कुणी मीठ सोडतं, कुणी तेल, कुणी गोड, पण बहुतेक जण थोड्या दिवसांसाठी. महाराजसुद्धा म्हणाले, जन्माचा नेम घेताना विचार करावा. आक्कानं विचार केलेलाच होता, आणि मी तिच्या पदराला धरून चालणारी. मीही हात जोडले.

आत्ती उठल्या. सगळ्या पेठेत आमचं नाव झालं. मंदिरात बायका सरकून आम्हाला पुढं बसवू लागल्या. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या आणि आम्ही दोघी कोरडी भाकरी, आमटी आणि तेल-चटणी खात होतो, मोठ्या तोऱ्यात. खोटं कशाला सांगू, मला तो तोरा आवडायचा.

काही वर्षांनी आक्काचं तोंड आलं. जीभ लाल, गुळगुळीत झाली, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग अंगाचा रंग पिवळट झाला, जिना चढताना धाप लागू लागली. मग पाय. एकदा मंदिरात तिनं डोळे मिटून हात जोडले आणि उभ्या उभ्या पालथी पडली. "भुई कळत न्हाय गं पायाला," असं ती मला हळूच म्हणायची. पायाला कळत नाही म्हणजे काय, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. महारोग. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. बाहेरून आणलेल्या वैद्यानं उंबऱ्यावरूनच आक्काकडं पाहिलं, तिच्या अंगाला हात लावला नाही आणि मान हलवली. त्या आठवड्यात आत्तींनी तंबाखूच्या रानात गवताची एक खोप बांधून घेतली.

आक्का आपणहून निघाली, भिंतीला धरून. कुणी तिला ढकललं नाही. हे मला अजून सगळ्यात वाईट वाटतं.

तिची भाकरी मी नेत असे. बांधावर ठेवायची आणि मागं फिरायचं, असा आत्तींचा हुकूम होता. एक दिवस गेले तर आक्का पाय धरून बसलेली. टाचेत बाभळीचा काटा रुतला होता आणि तिच्या बोटांनाही तोवर नीट धरता येत नव्हतं. मी बांध ओलांडून गेले आणि काटा उपटला. ती "आई गं!" म्हणून एवढ्यानं ओरडली की लिंबावरचे कावळे उडाले. मग आम्ही दोघीही हसलो. "जा आता, हात धू," ती म्हणाली. "आत्तीस्नी सांगू नगंस."

तिनं तो हिवाळा तिथं काढला. उन्हाळा तिला दिसला नाही.

*

आता चप्पल माझी गळाली होती.

पहिले काही महिने मी लपवलं. ज्यांना असं होतं ती सगळीच लपवतात, म्हणून लपवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. चालताना खाली बघून चालायचं, म्हणजे पाय कुठं पडतो ते डोळ्यांना तरी कळतं. न्हाणीत तोंडावर पाणी मारताना एक हात भिंतीला ठेवायचा. भुईवर कापूस पसरून वर चटई टाकली आहे आणि आपण तिच्यावरून चाललो आहोत, असं रात्रंदिवस वाटायचं. जीभ तशीच लाल झाली. आरशात पाहिलं की मला माझ्याऐवजी आक्काचा रंग दिसायचा.

आणि मग मंदिरात मी डोळे मिटले. आपण पडलो हे मला फरशी कपाळाला लागल्यावर कळलं. बायकांनी उचलायला हात पुढं केले आणि मध्येच मागं घेतले. त्या सगळ्यांनी आक्कालाही पडताना पाहिलं होतं.

 त्यानंतर बिड्या वळायला ओसरीवर येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. माझं ताट कुणी वेगळं केलं नाही, फक्त ते मी स्वतःच घासावं असं आपोआप ठरलं. एक दिवस रानातून आलेल्या गड्याच्या बोलण्यात आलं की खोप शाकारायला घेतली आहे. मी यांना विचारलं.

"राखण्यासाठी गं," हे म्हणाले. "यंदा चोऱ्या लई व्हायल्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माणूस वाईट नाही, पण अवघड वेळ आली की त्यांचं टोपीकडं लक्ष जातं. टोपी काढायची, झटकायची, पुन्हा घालायची. त्या दिवशी त्यांनी टोपी खूप वेळ झटकली.

बेळगावला जायचं कुणी काढलं ते मला अजून माहीत नाही. मी तरी काढलं नव्हतं. मी खोपीच्या तयारीला लागले होते, दोन लुगडी बाजूला काढून ठेवली होती.

*

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं आणि उतारूंची सर्व्हिस मोटार मागं कोळशाची भट्टी लावून ग्यासवर चालायची. संकेश्वरच्या अलीकडं चढाला सगळे उतरले. मला उतरवेना. हे पुढं ड्रायव्हरपाशी बसले होते, माझ्याशेजारी आत्ती. मला वाटत होतं, त्या पाळत ठेवायला आल्या आहेत. डॉक्टरनं तो शब्द काढला की परत आल्यावर मोटारीतून उतरून बैलगाडी घरी न नेता थेट रानाकडं वळवायची, म्हणजे गावात बोभाटा नको. वाटेत त्यांनी मला शेंगा सोलून दिल्या. मी खाल्ल्या नाहीत.

बेळगावच्या कॅम्पातले डॉक्टर मूळचे धारवाडकडचे, फौजेत राहून आलेले. बंगल्यामागं त्यांची चार खाटांची खोली होती. आत्तींना ते पहिल्या शब्दापासून "अव्वा", म्हणजे कानडीत आई, म्हणाले आणि मला म्हणाले, "हे बघा बाई, काय कळतंय ते सांगायचं. नाही कळलं तर नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका."

त्यांनी माझ्या तळपायाला हात लावला. दोन्ही हातांनी, अगदी सहज. किती तरी दिवसांत माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता, तेवढ्यानंच मला रडू फुटलं. ते थांबले नाहीत. डोळे मिटायला सांगून सुईनं टोचत गेले. अंगठा, तळवा, टाच, पोटरी. "टोचतंय?" "टोचतंय." गरम पाण्याची नळी लावली, गार लावली. दोन्ही ओळखल्या.

मग त्यांनी पेटीतून एक लोखंडी वस्तू काढली. स्वयंपाकातला चिमटा उलटा धरावा तशी. वर दोन दांडे, खाली एक बैठक. डॉक्टर तिला फोर्क म्हणत होते, पण माझ्या तोंडी चिमटाच बसलं. तळहातावर आपटून त्यांनी तिची बैठक माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवली आणि माझ्या आत काहीतरी गुणगुणलं. कानात नव्हे, हाडात. दळताना जात्याचा खुंटा हातात थरथरतो ना, तसं.

"हे आहे," डॉक्टर म्हणाले. "आता हेच पायाला लावतो. कळतंय का सांगा, आणि थांबलं की सांगा."

घोट्यावर लावलं. मी डोळे किलकिले करून पाहिलं. चिमट्याचे दोन्ही दांडे थरथरत होते, इतके की त्यांच्या कडा दिसत नव्हत्या. ते माझ्या घोट्यावर टेकलेलं होतं आणि माझ्या घोट्यात काहीही नव्हतं. पाय माझा होता, समोर होता, आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा गप्प होता. असं भय मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

"कळतंय," मी म्हटलं. "आता थांबलं."

डॉक्टरांनी पुन्हा लावलं. "आणि आता?"

"कळतंय."

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आत्ता मी तो वाजवलाच नव्हता."

मग मी खरं सांगितलं. घोटा नाही. नडगी नाही. गुडघा नाही. कमरेच्या हाडावर अगदी लांबून काहीतरी आल्यासारखं. डॉक्टरांनी हात धुतले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. हे दारात उभे होते, आत्ती भिंतीशी.

"महारोग नाही," ते म्हणाले. तो शब्द आमच्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला गेला, तो असा. "त्यात टोचलेलं, भाजलेलं कळत नाही. तुम्हाला ते सगळं कळतं. तुम्हाला कळत नाही ही थरथर, आणि डोळे मिटल्यावर पाय कुठं आहे ते. हा रोग वेगळा. अंगात रक्त नाही आणि पाठीच्या कण्यात ज्या शिरा आहेत त्या सुकत चालल्यात."

यांनी टोपी काढली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आक्काला टोचलेलं कळत होतं," मी म्हटलं. "मी तिच्या टाचेतला काटा काढला तेव्हा ती ओरडली होती."

"कोण आक्का?" डॉक्टरांनी विचारलं.

 आत्तीच बोलल्या. "आमची थोरली सून. वारली."

"पायाचंच?"

"व्हय. असंच. असंच सगळं." आत्ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. "डॉक्टर, तिचं बी ह्येच असंल काय?"

डॉक्टरांनी चिमटा पेटीत ठेवला. "न तपासता मी कसं सांगू, अव्वा," ते म्हणाले, आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी मला खाण्यापिण्याचं विचारलं. मी सांगितलं. दूधदुभतं नाही म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"किती वर्षं नाही? दोघीही घेत नव्हता? छातीठोक सांगत नाही, पण त्याचा हात यात असणार. का सोडलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आत्ती आजारी होत्या म्हणून," मी म्हटलं.

*

औषध होतं. काचेच्या नळ्यांतून येणारा अर्क, सुईनं कमरेत टोचायचा. "कशाचा ते आधीच सांगतो," डॉक्टर म्हणाले, "मागनं मला शिव्या नकोत. जनावराच्या यकृताचा."

आम्ही पाणी गाळून पिणारी माणसं. दिव्यावर पाखरू पडू नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणारी. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. नाही घेतलं तर आधी पाय जातील, मग कमरेखालचं सगळं जाईल, मग अंथरूण, आणि त्यापुढं फार दिवस लागत नाहीत, एवढं सरळ सांगून ते दुसऱ्या रोग्याकडं गेले.

हे म्हणाले, "तुझ्या मनाला यील तसं कर." मनाला येईल तसं करायची मुभा मला जन्मात पहिल्यांदा मिळाली, आणि ती अशा वेळी.

"टोचा तिला," आत्ती म्हणाल्या.

"आन् पाप?" मी विचारलं.

"मला लागू दे. तोंडानं न्हाय घ्यायचं, सुईनं हाय. टोचून घे, धाकटे."

मी टोचून घेतलं. पहिल्या सुईला मला कळपामागं लंगडत चाललेला एक जीव दिसला आणि पुढं कितीतरी सुयांना तोच दिसत राहिला. ज्यांना हे औषध घ्यावं लागतं आणि मन घेत नाही, त्यांना मी एवढंच सांगेन की मन शेवटपर्यंत घेत नाही. न घेऊ दे. तुम्ही औषध घ्या.

सुईपेक्षा दूध अवघड गेलं. हसू नका. सुई डॉक्टरनं दिली होती, पण दुधाचा शब्द मी दिला होता आणि त्या शब्दावर एक जीव उठून बसला होता. मी घोट घेतला तर आत्ती तिथल्या तिथं कोसळतील असं मला खरोखर वाटत होतं. आणि लिहायचंच तर सगळं लिहिते: मेल्या तर मरू देत, असंही मनात येऊन गेलं.

हे निपाणीला परतले होते; आत्ती माझ्यापाशी राहिल्या होत्या आणि त्यांनी व्हरांड्यात स्टोव्ह मांडला होता. त्यांनीच दूध तापवलं, फुंकून निवत आणलं आणि माझ्यासमोर धरलं. "माझ्या जिवासाठी सोडलंतीस न्हवं? मग मीच देतो. पी."

तो पेला त्यांच्या अंगावर ओतावा असं वाटलं. आक्काला का नाही दिलं, असं ओरडावंसं वाटलं. हे दूध तिच्या वाटणीचं आहे. मी ते प्याले, शेवटच्या घोटापर्यंत, त्यांच्याकडं एकटक बघत. त्याही माझ्याकडं बघत होत्या. 

*

त्या चार खाटांच्या खोलीत माझा बराच काळ गेला. पहाटे फौजेचा बिगुल वाजायचा, मग चर्चची घंटा, मग सिस्टरच्या बुटांचा आवाज. ती कॅम्पातलीच ख्रिस्ती बाई, बोलायला फटकळ. सुया उकळता उकळता मला रागवायची, पण दिवस कलला की दारातून हाक मारायची, "ओ निपाणी, सूर्य चाललाय, जेवून घ्या!" एकदा आत्तींना डुलकी लागली होती तर तिनं स्वतः पाणी गाळून तांब्या भरून ठेवला. आमच्या धर्मातलं तिला एवढंच माहीत होतं आणि ते तिनं एकदाही चुकवलं नाही.

बरं होणं सुखाचं असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पायात मुंग्या यायच्या, इतक्या की पाय तोडून टाकावेत. चालायला मी पुन्हा शिकले. सिस्टरनं व्हरांड्यात खडूनं रेघ मारली होती, तिच्यावरून खाली बघत चालायचं. मी पडायची, ती म्हणायची "उठा", मी शिव्या द्यायची, ती हसायची.

आणि दर आठवड्याला तो चिमटा. थांबलं की सांगा.

मला भुताखेतांचं काही दिसत नाही, मी तशी नाही. पण डॉक्टर चिमटा तळहातावर आपटायचे तेव्हा खाटेच्या पायथ्याशी आक्का उभी असायची. भर दिवसा. बोलायची नाही, नुसती माझ्या घोट्याकडं बघत असायची, तिच्याच पायाचा निकाल लागायचा आहे असं तोंड करून. पुढं पुढं ती चिमट्यावाचूनही येऊ लागली. तिला टेकायला जागा व्हावी म्हणून मी पाय आवळून घ्यायची.

एकदा आत्तींनी पाहिलं. "कुणाला जागा करतीस?"

"आक्काला."

मला वाटलं, रागावतील, अंगारा लावतील.  त्यांचं गाठोडं खाटेच्या त्या टोकाला ठेवलेलं असे. ते त्यांनी उचललं आणि दुसरीकडं ठेवलं.

थरथर हळूहळू खाली उतरत गेली. आधी कंबर, मग कितीतरी दिवसांनी गुडघा. गुडघ्यात ती पहिल्यांदा गुणगुणली तेव्हा मी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. परक्या पुरुषाचा हात आपण धरला आहे हे ध्यानात आलं तरी सोडला नाही. आत्ती उठून बाहेर गेल्या. सिस्टर म्हणाली, नळाशी उभ्या राहून रडतायत. मी त्यांची समजूत काढायला गेले नाही. तेव्हा मला ते जमण्यासारखं नव्हतं.

*

घरी आले तेव्हा यांनी पेठेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, महारोग नाही, डॉक्टरनं लिहून दिलंय. बिडीवाल्या बायका परत आल्या. मंदिरात पुन्हा मला पुढं बसवू लागल्या, मी मागंच बसते. दर्शन उघड्या डोळ्यांनी घेते, अंधारात कंदिलाशिवाय पाऊल टाकत नाही. पायाच्या बोटांच्या टोकांना अजून कळत नाही आणि डॉक्टर म्हणतात, तेवढं राहील. राहू दे. खोपीत राखण्या गडी झोपतो. त्या बाजूला मी जात नाही.

चिकोडीच्या त्या बाईंना जे सांगायचं राहिलं ते हे. कुणाच्या पायाला कळत नसेल तर त्याला आधी हात लावा. सुई टोचून बघा, मग तो चिमटा ज्याच्यापाशी आहे अशा डॉक्टरकडं न्या. ताटात काय नाही ते विचारा. नेम देवासाठी घेतलेला असला तरी डॉक्टरला सांगा, त्यात देवाचा अपमान होत नाही. आणि समजा महारोगच निघाला, तरी माणसाला रानात नेऊन ठेवायचं कारण तेही नव्हे. हे मला डॉक्टरांनी बजावलं आहे आणि त्यांनी बजावलं नसतं तरी मी म्हटलं असतं.

घरी आल्यावर आत्ती आणि मी आक्काबद्दल कधी बोललो नाही. एका चुलीवर दोन माणसं वावरतात आणि तिसऱ्याचं नाव घेत नाहीत, ते किती जड जातं हे ज्याचं त्याला कळतं. रोज सकाळी त्या माझं दूध आणून ठेवायच्या. मी प्यायची. एवढंच आमचं बोलणं.

शेवटच्या तपासणीला त्याच माझ्याबरोबर आल्या. डॉक्टरांनी चिमटा घोट्यावर लावला. मी डोळे मिटले. आधी काहीच नाही, आणि मग अगदी खोल, माशी हातावर बसावी इतकं हलकं, पण होतं. मी श्वास धरून थांबले आणि विझलं तेव्हा सांगितलं. "शाबास," डॉक्टर म्हणाले. खाटेच्या पायथ्याशी त्या दिवशी कुणी नव्हतं.

मी लुगडं सारखं करत होते, तेवढ्यात आत्ती स्टुलावर येऊन बसल्या आणि त्यांनी आपला पाय पुढं केला.

"माझ्या पायाला लावा."

डॉक्टर हसले. "तुम्हाला काय झालंय, अव्वा? तुमचे पाय माझ्यापेक्षा बरे आहेत."

"लावा तुमी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चिमटा आपटला आणि आत्तींच्या घोट्यावर टेकवला. आत्ती दचकल्या. मग त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर होते.

"कळतंय?"

"व्हय. लई कळतंय."

"थांबलं की सांगा."

आम्ही थांबलो. दांडे स्थिर झालेले मला दिसले. डॉक्टरांनी आणखी थोडी वाट पाहिली, चिमटा उचलला, पुसला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. आत्ती तशाच बसून होत्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवला.

"आत्ती, काढला त्यांनी तो."

"न्हाय गं," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "अजून थांबलं न्हाय."